नाव आईबापांनी ठेवावं, बदलण्याचा हक्क मुलाला हवा

लग्नाची पंगत असो, रेल्वेचा डबा असो की नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, चमत्कारिक नावांचा विषय निघाला की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतंच. कुणाला पोटफोडे आडनावाचे सर्जन भेटलेले असतात, कुणाच्या एका बाजूला वाघमारे आणि दुसऱ्या बाजूला उंदरे राहत असतात. झोपे, रिकामे, आगलावे, डोईफोडे, ढमढेरे, सहस्रबुद्धे, बुद्धिसागर. मराठी आडनावांची ही श्रीमंती खरोखर अफाट आहे. कुठे गाव, कुठे धंदा, कुठे वतन, तर कुठे एखाद्या खापरपणजोबाची खोड किंवा पराक्रम. गावाने कौतुकाने किंवा चिडवायला म्हटलेलं पुढे दप्तरात चढलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलं.

या गमतीला माझा मुळीच विरोध नाही. आडनाव अख्ख्या भावकीचं असतं. डोईफोडे घराण्यातल्या मुलाला कुणी हसलं तर घरी बाप, काका, आजोबा सगळे त्याच आडनावाचे असतात, आणि ते आडनाव कसं पडलं याची गोष्टही बहुधा घरात अभिमानाने सांगितली जाते. मला बोलायचं आहे ते पहिल्या नावाबद्दल. ते एकट्याचं असतं. ज्याचं असतं त्याला विचारून कुणी ठेवलेलं नसतं, आणि हसू आलं तर ते त्याला एकट्यालाच सोसावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं की मुलाचं नाव ठेवायचा अधिकार आईबापांचा असला, तरी ते बदलून घ्यायचा अधिकार त्या मुलाचा असला पाहिजे. आणि हा अधिकार फुकट, सोपा आणि दहावीच्या आत हाताशी येणारा असला पाहिजे.

तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिकवताना नववीच्या वर्गात कचरू नावाचा एक मुलगा होता. गणितात चांगला, कबड्डीत त्याहून चांगला. शाळेच्या रस्त्यावरून सकाळी नगरपालिकेची घंटागाडी गाणं वाजवत जायची आणि नेमकी हजेरीच्या वेळेला यायची. गाडीचा आवाज आला की मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणायचं, "चल रे, तुला न्यायला आली." सगळा वर्ग हसायचा. तोही हसायचा, कारण न हसण्याची सोय नव्हती. एकदा तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, माझा नुसता नंबर घेत जा ना." मी त्या दिवसापासून सगळ्याच वर्गाची हजेरी नंबराने घ्यायला लागले. पण बोर्डाच्या अर्जावर नंबर चालत नाही. तिथे कचरूच लिहावं लागलं, गुणपत्रिकेवरही तेच छापून आलं.

त्याच्या आईला मी भेटले होते. तिने लेकाचा तिरस्कार म्हणून हे नाव ठेवलं नव्हतं. आधीची दोन मुलं गेली होती. हे जगावं म्हणून सासूने त्याला जन्मल्या जन्मल्या कचऱ्याच्या ढिगावर क्षणभर ठेवलं आणि उचलून घेतलं. टाकून दिलेलं मूल मृत्यूही नेत नाही, असा तो समज. केरू, कचरू, उकंडा, दगडू, धोंडू, भिकू ही सगळी याच भीतीची नावं आहेत. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि त्याला नथू म्हणायचं, म्हणजे मुलगी समजून काळ सोडून देईल, हाही त्यातलाच प्रकार. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. बंगालमध्ये १८८९ साली जन्मलेल्या खुदीराम बोस यांना आईने मूठमूठ कण्या घेऊन थोरल्या बहिणीला 'विकलं' होतं, आणि त्या तांदळाच्या कण्यांवरून त्यांचं नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेहून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावत. अशा काळात मुलाचं नाव दगडू ठेवणाऱ्या आईला हसायचा अधिकार कुणालाच नाही.

म्हणून अशी सगळी नावं पुसून टाकावीत, असंही मला म्हणायचं नाही. आमच्या गल्लीत धोंडाबाई नावाच्या आजी होत्या. बँकेत पेन्शन घ्यायला गेल्यावर काउंटरवरच्या नव्या पोराने त्यांचं नाव वाचलं आणि ओठ दाबून शेजाऱ्याकडे पाहिलं. आजींनी ते टिपलं. म्हणाल्या, "माझ्याआधीची तीन गेली, बाळा. म्हणून मी धोंडा. धोंड्याला काय होतंय? हे बघ, ऐंशी पार केली." त्या पोराने उठून त्यांना खुर्ची दिली. धोंडाबाईंना कुणी नाव बदलून देतो म्हणाला असता तर त्यांनी त्यालाच दोन शब्द सुनावले असते. कचरूचं आणि त्यांचं नाव एकाच जातकुळीचं आहे. एकाला ते नको होतं, एकीला हवं होतं. निर्णय ज्याचा त्याने करायचा, एवढाच माझा आग्रह आहे.

मात्र यात जातीचा एक धागा आहे आणि तो बाजूला ठेवून हा विषय बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. भारतरत्न महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो. दगड या अर्थाचंच. त्या नावाला कुणी हसलं नाही, कारण ते धोंडो केशव होते. वर्गात, सभेत, कागदावर पूर्ण नावाने आणि आदराने घेतले जाणारे. तेच नाव गावकुसाबाहेरच्या माणसाचं असलं की त्याचं धोंड्या व्हायचं, आणि म्हातारपणीसुद्धा पाटलाचं शाळकरी पोर त्याला 'ए धोंड्या' म्हणूनच हाक मारायचं. नाव तेच, वागणूक वेगळी. याला धर्मग्रंथाचा आधारही होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक सांगतो की ब्राह्मणाचं नाव मंगलसूचक असावं, क्षत्रियाचं बलसूचक, वैश्याचं धनसूचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं. कुणाचं नाव हसण्याजोगं असावं हे इथे आधीच ठरवून ठेवलं होतं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, त्यामागच्या अपमानांच्या यादीत ही नावंही येतात.

बाबासाहेबांचं स्वतःचं उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचं नाव दाखल झालं ते 'भिवा रामजी आंबेडकर' असं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घराण्याचं सकपाळ हे आडनाव मागे राहिलं, गावावरून आलेलं आंबेडकर पुढे आलं. भिवाचे भीमराव झाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, महामाया अशी नावं आली. एका पिढीत केरू आणि धोंड्याच्या घरात सिद्धार्थ जन्मला. नाव बदलल्याने काय होतं, असं जे सहज विचारतात त्यांनी हा इतिहास डोळ्यांसमोर आणावा. लोकांनी नाव बदललं ते शोभेसाठी नव्हे; हाक मारणाऱ्याला आपला स्वर बदलायला लावण्यासाठी.

त्याच साताऱ्यात जवळपास १११ वर्षांनी नावाचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे जिल्हा प्रशासनाने एक कार्यक्रम घेतला आणि २८५ मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं जुनं नाव नकुशी किंवा नकुसा. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली की तिला हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल, ही समजूत. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, हे लक्षात घेतलं की या नावामागे काय उभं आहे ते कळतं. इथे मला एक रेघ स्पष्ट ओढावीशी वाटते. दगडू हे नाव मूल जगावं म्हणून ठेवलेलं असतं, नकुशी हे नाव मूल नको होतं म्हणून. पहिल्यात माया आहे आणि भीती आहे. दुसऱ्यात मायेचा लवलेश नाही. ती मुलगी दिवसातून पन्नास वेळा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकते की तू आम्हाला नको होतीस, आणि तिला त्या हाकेला 'ओ' द्यावी लागते.

साताऱ्याचा कार्यक्रम चांगला होता, आणि तो करणाऱ्या आरोग्य विभागाचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण तो एक कार्यक्रम होता. व्यासपीठ, फुलं, प्रमाणपत्र, छायाचित्रं. पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या नकुशीने कुठे जायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. कुणाचं नाव बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची सहानुभूती लागू नये. खिडकीवर अर्ज दिला, पोच घेतली, काम झालं, इतकं ते साधं असायला हवं.

आज ते किती अवघड आहे ते पाहा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मुलाचं नाव न घालता जन्माची नोंद करता येते, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव आवडत नाही म्हणून बदलायला त्या रजिस्टरात जागा नाही. कायद्याचं कलम १५ चुकीची नोंद दुरुस्त करण्यापुरतं आहे. दुसरीकडे शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलाचं नाव चढतं ती कायमची नोंदवही. त्यात बदल हवा असेल तर मूल शाळेत असतानाच शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने करायचा. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ते दार जवळपास बंद होतं. मग राहतो राजपत्राचा मार्ग. फी भरायची, प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्रात छापून आल्यावर त्याची प्रत घेऊन आधार, पॅन, बँक, मतदार यादी, रेशनकार्ड, जातीचा दाखला असं एकेक दार ठोठावायचं. शहरातला नोकरदार माणूस हे रेटून नेतो. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या घरातली मुलगी हे कसं करणार? आणि गंमत म्हणून सांगितली जाणारी बहुतेक बोचरी नावं नेमकी तिच्यासारख्यांच्या घरातलीच असतात.

आता तर जन्मदाखल्याचं वजन आणखी वाढलं आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जाणार आहे. पूर्वी घरी ठेवलेलं केरू हे नाव शाळेत घालताना गुरुजी आपणहून किरण करून टाकत. कित्येकांचं आयुष्य अशा एखाद्या गुरुजींनी हलकं केलं. ती फट आता बुजली. नोंदी पक्क्या झाल्या हे चांगलंच झालं, पण ज्या दिवशी फट बुजवली त्याच दिवशी रीतसर दरवाजा उघडायला हवा होता.

सरकारला हे करता येतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने वस्त्यांना असलेली जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला आणि महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. वस्तीच्या नावाने माणसाचा अपमान होतो हे शासनाला पटतं, आईचं नाव कागदावर नसणं हा अन्याय आहे हेही पटतं, तर माणसाच्या स्वतःच्या नावाने त्याचा रोज अपमान होतो हे पटायला काय हरकत आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सीबीएसईच्या एका प्रकरणात नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा अविभाज्य भाग मानून त्याचा संबंध थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला. तत्त्व मान्य झालेलं आहे. आता राहिली आहे ती खिडकी.

दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत. सरकारने आधीच नावांची यादी करावी, विचित्र नाव नोंदवूच नये, असं ते म्हणतात. मला हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावं मंजूर करणारी समिती आहे. तिथे एका मुलीचं 'वाऱ्याची झुळूक' अशा अर्थाचं नाव समितीने पुल्लिंगी ठरवून नाकारलं, आणि त्या मुलीची सरकारी दप्तरात पंधरा वर्षं नुसती 'मुलगी' अशी नोंद होती. २०१३ साली न्यायालयात जाऊन तिला स्वतःचं नाव मिळवावं लागलं. आपल्याकडे अशी समिती निघाली तर तिच्यावर कोण बसेल आणि कुणाच्या घरची नावं 'विचित्र' ठरतील, हे सांगायला नको. बंगळूरजवळच्या भद्रापूरमध्ये हक्कीपिक्की समाजाच्या वस्तीत हायकोर्ट, गूगल, कॉफी, म्हैसूर पाक अशी नावं ठेवतात. वर्तमानपत्रं दर थोड्या वर्षांनी त्यावर गमतीदार बातमी करतात. पण पिढ्यान्‌पिढ्या भटक्या असलेल्या, पारध्यांशी नातं सांगणाऱ्या या लोकांनी गावाबाहेरच्या जगात जे भारी वाटलं ते आपल्या लेकरांना दिलं. मेघालयात मारक आडनावाचे एक नेते हिटलर हे नाव घेऊन राजकारणात उतरले. तमिळनाडूत १ मार्च १९५३ ला जन्मलेल्या मुलाचं नाव स्टॅलिन ठेवलं गेलं, चारच दिवसांनी रशियातला स्टॅलिन वारला, आणि हा मुलगा पुढे त्या राज्याचा मुख्यमंत्री झाला. ही नावं तुम्हाआम्हाला चमत्कारिक वाटोत. ज्यांची आहेत त्यांना ती डाचत नसतील तर सरकारने त्यात नाक खुपसू नये.

मला पटतो तो न्यूझीलंडमधला २००८ सालचा निकाल. आईवडिलांनी मुलीला 'तालुला डझ द हुला फ्रॉम हवाई' असं लांबलचक नाव दिलं होतं. नऊ वर्षांची ती पोर मैत्रिणींना आपलं खरं नाव सांगायचीसुद्धा नाही. न्यायाधीशांनी तिला न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं, ते तिचं नाव बदलता यावं म्हणून. तिथे विचारलं गेलं ते त्या मुलीला काय वाटतं.

आपल्याकडे याला पहिला आक्षेप येईल तो गैरवापराचा. नाव बदलून गुन्हेगार पळतील, कर्ज बुडवतील. पण जुनं नाव नष्ट करायला कुणी सांगत नाही. नोंदीत जुनं आणि नवं दोन्ही राहील, आधार क्रमांक तोच राहील. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० पासून स्वतंत्र कायदा आहे, आधारमध्ये नाव बदलायला दोनदाच मुभा आहे, म्हणजे बंधनं घालून सोय देणं यंत्रणेला नवीन नाही. दुसरा आक्षेप भावनेचा असतो: आजीने ठेवलेलं नाव, ते बदललं तर तिचा अपमान. कचरूच्या आजीला मी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती याची मला कल्पना आहे. तिला नातू जगलेला हवा होता. तो जगला, वाढला, शाळेत गेला. त्या नावाचं काम झालं.

घाट मोठा घालायची गरज नाही. नववीच्या दुसऱ्या सत्रात मुख्याध्यापकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एक छापील कागद द्यावा: तुझं नाव कायम ठेवायचं आहे की बदलायचं आहे? बदलायचं असेल तर पालकांची सही, आणि पालक नकार देत असतील तर मुलाचं म्हणणं शिक्षणाधिकाऱ्यांनी ऐकून घेण्याची तरतूद. हा कागद वर्गात सगळ्यांसमोर भरून घेऊ नये. घरी न्यावा, पाकिटात परत द्यावा. शाळेने तो पाठवला की जनरल रजिस्टर, जन्मनोंद, बोर्ड आणि आधार चारही ठिकाणी एकाच अर्जावर बदल व्हावा, फी शून्य. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी अठरा वर्षांनंतर हीच सोय एकदा, ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात. दहावीचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरले जातात, आणि गुणपत्रिकेवर एकदा नाव छापलं की ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सोबत राहतं. म्हणून हा कागद नववीतच मुलांच्या हातात पडला पाहिजे.